बेने नावाचे तीळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या संक्रांतीला आमच्याकडे तिळगुळाच्या डब्याशेजारी आणखी एक डबा ठेवला होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी झाकण उघडलं की प्रश्न ठरलेला, "ही चिक्की का बिस्किटं?" जुन्या रुपयाहून जरा मोठ्या, कागदासारख्या पातळ, कडेला तांबूस आणि अंगभर तीळ अशा त्या चकत्या होत्या. शेजारच्या काकूंनी एक खाल्ली, दुसरी उचलली आणि म्हणाल्या, "झकास झालंय, पण हे काही आपलं नव्हे." काकूंना इतिहासाची आवड नाही, पण त्यांचं वाक्य मात्र अचूक होतं. ते अचूक आहे हे कळायला मला वर्षभर लागलं होतं.

हा पदार्थ अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातला, चार्ल्सटन या जुन्या बंदराच्या गावचा. तिथं त्याला 'बेने वेफर' म्हणतात. वेफर म्हटल्यावर बटाट्याचे वेफर डोळ्यांपुढे आणू नका. हे तिळाचं बिस्किट आहे. बेने म्हणजे तीळ. आता इंग्रजीत तिळाला सेसमी म्हणतात हे आपल्याला ठाऊक आहे. अलीबाबाच्या गोष्टीतली गुहा त्याच नावानं उघडते. मग इंग्रजी बोलणाऱ्या या एका किनाऱ्यावरच तिळाला वेगळं नाव का? आज मला बिस्किटाविषयी बोलायचं आहे ते या शब्दासाठी.

माझी भाची नॉर्थ कॅरोलायनात राहते. २०२४ च्या मार्च महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा एका शनिवारी तिनं मला गाडीनं चार्ल्सटनला नेलं. गाव सुरेख आहे. रंगीत घरं, ओकची झाडं, समुद्राचा वारा. बाजारात एका दुकानात या बिस्किटांचे डबे मांडून ठेवले होते आणि चवीला एकेक बिस्किट हातावर देत होते. मी ते तोंडात टाकलं आणि भाचीला म्हटलं, "अगं, हे तर आपलेच तीळ! हडप्पापासून आपण खातोय."

मंडळी, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्याची ही सवय. कुठंही गेलं तरी आधी आपलं काय आहे ते शोधायचं. आणि माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. हडप्पाच्या उत्खननात जळलेल्या तिळांचा गोळा सापडला आहे, तो चार हजार वर्षांहून जुना. लागवडीच्या तिळाचा सगळ्यात जवळचा रानटी भाऊबंद भारतीय उपखंडातच उगवतो, म्हणून हे पीक माणसानं प्रथम इथंच लावलं असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आपल्या भाषेनंही ते जपून ठेवलंय. तिल यावरून तैल, आणि तैलावरून आपलं तेल. आज आपण शेंगदाण्याच्या, करडईच्या, सरकीच्याही रसाला तेल म्हणतो, पण शब्दाच्या पोटात तीळच बसलेला आहे. इथून हे बी पश्चिमेला मेसोपोटेमियात गेलं, पुढं आफ्रिकेत रुजलं.

डब्याच्या झाकणावर दोन ओळी छापलेल्या होत्या: बेने वेफर ही इथली काहीशे वर्षांची परंपरा, आणि तीळ खाल्ल्यानं नशीब उघडतं. मी तो डबा घेतला. दुपारी आम्ही गॅड्सडेनच्या धक्क्यावर गेलो.

धक्का आता नुसता नावाला आहे. तिथं २०२३ च्या जूनमध्ये आफ्रिकी अमेरिकन लोकांचं एक मोठं संग्रहालय उघडलं. इमारत खांबांवर उचललेली आहे, जमिनीला टेकत नाही. खालची जागा मोकळी सोडली आहे, कारण जहाजांतून उतरवलेली माणसं तिथं उभी केली जात. त्या मोकळ्या जागेत फरशीवर माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, शेजारी शेजारी खेटून निजवलेल्या, जहाजाच्या तळघरात निजवत तशा. त्यांच्यावरून पाणी येतं, ओसरतं, पुन्हा येतं. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी दहांतली सुमारे चार माणसं या एका बंदरातून आत आली असा अंदाज आहे. माझ्या पिशवीत नशीब उघडणाऱ्या बिस्किटांचा डबा होता. तो मला जड वाटला असं म्हटलं तर ते नाटकी होईल, पण उघडावासा वाटला नाही हे खरं.

आता शब्दाकडे येते. सेनेगल, माली या भागांत वोलोफ आणि बंबारा भाषा बोलतात. त्यांत तिळाला 'बेने' म्हणतात. कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर या गुलामांचे वंशज राहतात, त्यांना गुल्ला किंवा गीची म्हणतात. त्यांची बोली म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी, असं गोरे विद्वान बरीच वर्षं सांगत होते. लोरेंझो डाऊ टर्नर नावाचे एक कृष्णवर्णी भाषाशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात या बेटांवर ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन हिंडले, आफ्रिकी भाषा शिकले आणि १९४९ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. गुल्ला बोलीतले हजारो शब्द आणि माणसांची नावं थेट आफ्रिकी भाषांतली आहेत हे त्यांनी दाखवलं. त्या यादीत बेने आहे.

याचं महत्त्व आपल्याला पटकन कळेल, कारण आपणही बटाटा म्हणतो आणि पाव म्हणतो. हे दोन्ही कोणी आणले ते विचारायला दप्तरखान्यात जायला नको. शब्दच सांगतो की पोर्तुगीजांनी. एखादी वस्तू नव्या मुलखात जाते तेव्हा बहुधा तिला घेऊन येणाऱ्याच्या तोंडचं नाव चिकटतं. कॅरोलायनातले तीळ जर इंग्रज मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून आणवले असते, तर त्यांना 'जिंजेली' म्हटलं असतं. इथले इंग्रज तसंच म्हणत. पण नाव टिकलं ते वोलोफ आणि बंबारा माणसांचं. बाजारात मी ज्यांना 'आपलेच' म्हणाले, त्या तिळांना आपला शेवटचा हात लागून हजारो वर्षं झाली होती. मधले हात दुसऱ्यांचे होते.

बायकांनी केसांत बी लपवून आणलं अशी एक कथा सांगतात. भाताच्या बाबतीतही ती सांगतात. कथा हृद्य आहे, पण तिच्यावाचून अडत नाही. गुलामांच्या जहाजांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शिधा भरून घ्यावा लागे, आणि तो तिथलाच असे. हातापायांत बेड्या असलेल्या माणसाला तिळाची लावणी, काढणी, भाजणी सगळं ठाऊक होतं. बी कसंही आलं असो, ते ज्ञान त्या माणसांच्याच बरोबर आलं.

आणि तिळाला ज्ञान लागतंच. खानदेशात माझं आजोळ, त्यामुळे हे मला लहानपणापासून माहीत. बोंड पिकलं की तडकतं आणि दाणे मातीत जातात. म्हणून खालची बोंडं पिवळी पडू लागली की झाड कापायचं, पेंढ्या बांधून उभ्या करायच्या, वाळल्या की कापडावर उलट्या धरून झटकायच्या. एक दिवस उशीर झाला तर पीक पाखरांचं. कॅरोलायनात हे काम भाताच्या खाचरातून परतलेली माणसं करत. तिथल्या मळ्यांवर कामाची वाटणी ठरलेली असे. खाचरात एका माणसाला दिवसाला साधारण पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. ते संपवलं तर उरलेला उजेड त्याचा. त्या उजेडात झोपडीमागच्या तुकड्यावर ही माणसं भेंडी, चवळी आणि बेने पेरत. तीळ कुटून चवळीच्या कालवणात घालत. लहान मुलाचं पोट बिघडलं तर तिळाची पानं पाण्यात बुडवून ते बुळबुळीत पाणी पाजत. हा उपाय पुढं गोऱ्या डॉक्टरांच्या औषधी ग्रंथांतही गेला.

मालकांचं लक्ष तिळाकडे गेलं ते तेलासाठी. १७३० सालीच कॅरोलायनातल्या तिळाचा नमुना लंडनला पाठवल्याची नोंद आहे. ऑलिव्हचं तेल भूमध्य समुद्राकडून विकत घ्यावं लागे, ते वाचवायचं होतं. पण माझं मन अडकलं ते १८०८ सालच्या एका पत्रापाशी.

थॉमस जेफर्सन तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते. जॉर्जियाचे जॉन मिलेज यांनी त्यांना तिळाच्या तेलाची बाटली पाठवली. जेफर्सननी ती जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे ठेवली आणि सगळ्यांचं मत पडलं की हे ऑलिव्हच्या तेलाच्या तोडीचं आहे. २२ मार्च १८०८ रोजी नातीला पत्र लिहिताना ते हे सारं सांगतात, आणि हे बी आफ्रिकी लोकांनी जॉर्जियात आणलं, तेच त्याला बेनी म्हणतात, हेही सांगतात. म्हणजे ही गोष्ट गुपित नव्हती. राष्ट्राध्यक्षांच्या हातची नोंद आहे. पुढच्या वर्षी त्यांनी माँटिसेलो या आपल्या मळ्यावर तीळ पेरले. पेरले म्हणजे त्यांच्या गुलामांनी पेरले. आयुष्यभरात जेफर्सन यांच्या मालकीची सहाशेच्या वर माणसं होती. आणि बाहेरून गुलाम आणायला बंदी घालणारा कायदा, ज्यावर त्यांचीच सही होती, तो अमलात आला १ जानेवारी १८०८ रोजी, या पत्राच्या जेमतेम पावणेतीन महिने आधी. बी आणणाऱ्या माणसांची आयात थांबली त्याच वसंतात त्यांच्या बियांचं कौतुक चाललं होतं.

मी नववीच्या वर्गाला अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवत असे. जेफर्सन, जाहीरनामा, सर्व माणसं समान. चार गुणांचा प्रश्न हमखास यायचा. मुलांना मी उत्तर चांगलं घोटवून घ्यायची.

पाककृतींच्या पुस्तकांतही हेच दिसतं. १८४७ साली 'द कॅरोलायना हाउसवाइफ' नावाचं पुस्तक निघालं. त्यात बेनेच्या सूपची कृती आहे. लेखिकेच्या नावाच्या जागी 'चार्ल्सटनची एक स्त्री' एवढंच छापलं होतं. घरंदाज बाईनं नाव छापू नये असा तो काळ. ती होती सारा रटलेज, अमेरिकेच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एडवर्ड रटलेज यांची मुलगी. तिचं नाव नंतर सगळ्यांना कळलं. तिच्यासारख्यांच्या घरी चुलीपाशी उभं राहून रांधणाऱ्या बायकांची नावं पुस्तकात कुठंच नाहीत. १९५० साली तिथल्या महिलामंडळानं काढलेलं 'चार्ल्सटन रिसीट्स' हे पुस्तक मात्र आजही छापलं जातं, आणि बेनेची बिस्किटं घरोघर पोचली त्यात अशा पुस्तकांचा मोठा वाटा आहे.

म्हणून मला वाटतं, डब्यावरची ती 'काहीशे वर्षांची परंपरा' जरा सोलून पाहावी. तीळ जुने, शब्द जुना. पाकात तीळ घालून वड्या करायच्या आणि रस्त्यावर विकायच्या, हेही कृष्णवर्णी बायका करत. शेंगदाण्याच्या आणि बेनेच्या या वड्या म्हणजे आपली चिक्कीच, फक्त गुळाऐवजी काकवीसारखा काळा मोलॅसिस. पण पांढरा मैदा, लोणी, अंडं आणि भट्टी हा सरंजाम मोठ्या घरच्या स्वयंपाकघराचा. झोपडीमागचं बी आणि वाड्यातलं लोणी एका परातीत आलं ते तिथं रांधणाऱ्या बाईच्या हातून, असं मी मानते. तुम्हाला हा तर्क धाडसाचा वाटला तर सोडून द्या.

आता कृती, कारण ती सांगितल्यावाचून काकू मला सोडणार नाहीत. पाऊण कप तीळ, एक कप ब्राउन शुगर, पाऊण कप मैदा, नव्वद ग्रॅम बटर, एक अंडं, पाव चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, थोडा व्हॅनिला. तीळ आधी कढईत मंद आचेवर भाजायचे, तडतडायला लागले की उतरवायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. पहिल्या खेपेला मी घाईनं कोमटच घातले. बटर वितळलं आणि ओव्हनमध्ये सगळ्या चकत्या एकमेकींत मिसळून एक मोठी पोळी झाली. ती आम्ही तोडून खाल्ली, चव काही वाईट नव्हती. बटर आणि साखर फेसून अंडं घालायचं, मग बाकीचं. बटर पेपरवर अर्धा अर्धा चमचा पीठ, मध्ये दोन बोटांहून जास्त अंतर. ओव्हन १८० अंशांवर, सहा ते आठ मिनिटं. कडा तांबूस झाली की काढायचं. बाहेर येतात तेव्हा मऊ असतात, आपल्याला वाटतं कच्च्या राहिल्या. दोन मिनिटांत कडक होतात. आठ मिनिटांच्या पुढं ओव्हनसमोरून हलू नये. माझी दुसरी खेप फोन घेण्यात करपली.

ब्राउन शुगरऐवजी गूळ घालून पाहिला. खमंग लागतं, पण चव सरळ चिक्कीकडे जाते. मुद्दा तिळाचा आहे. दुकानात मिळणारे पांढरेशुभ्र पॉलिश केलेले तीळ इथं फिके पडतात. चार्ल्सटनमध्येही हेच झालं. १८७० नंतर सरकीचं स्वस्त तेल आलं आणि तिळाची शेती मागं पडली. पुढं १९४३ साली व्हेनेझुएलात लँगहॅम नावाच्या शास्त्रज्ञाला न तडकणाऱ्या बोंडाचं झाड सापडलं, तेव्हापासून यंत्रानं काढता येतील अशा जाती तयार करण्याचा प्रयत्न सुरू झाला. सोय झाली, पण जुन्या बेनेची कडवट खमंग चव त्यांत नाही. ग्लेन रॉबर्ट्स नावाच्या गृहस्थांनी १९९८ साली जुन्या धान्यांसाठी एक गिरणी काढली, इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक डेव्हिड शील्ड्स यांनी जुने कागद धुंडाळले, आणि ते जुनं बारीक दाण्याचं बेने पुन्हा पेरलं जाऊ लागलं. ते मी चाखलं आहे. आपले न सोललेले गावरान तीळ त्याच्या जवळ जातात. भोगीच्या बाजरीच्या भाकरीला लावतो ते.

चार्ल्सटनजवळच्या सलिव्हन बेटावर जहाजांतली माणसं आधी रोगराईच्या भयानं वेगळी ठेवली जात. तिथं पाण्याकडे तोंड करून एक साधं काळं बाक आहे. टोनी मॉरिसन या लेखिकेनं १९८९ साली म्हटलं होतं की या माणसांच्या आठवणीसाठी रस्त्याकडेचं एक बाकडंसुद्धा कुठं नाही. २००८ साली ते बाक बसवलं, तेव्हा ती स्वतः आली होती. आम्ही दोघी त्यावर बसलो आणि तो डबा तिथं उघडला. भाची म्हणाली, "मावशी, आजोळचे तिळाचे लाडू आठवतात ग."

आठवतातच. आम्ही सगळी भावंडं त्यांना 'आजीचे लाडू' म्हणतो, अजूनही. आजी पाक उत्तम करायची. पण तीळ तिच्या हातात यायचे ते निवडून, पाखडून. खळ्यावर पेंढ्या झटकायला, मग ओसरीच्या कडेला बसून सूप धरायला एक बाई यायच्या. लाडू झाले की त्यांच्या पदरात चार टाकायचे, ते मी कितीदा नेऊन दिलेत. त्यांना आम्ही पोरं मावशीच म्हणायचो. बाकावर बसल्या बसल्या मी त्यांचं नाव आठवू लागले आणि ते आलं नाही. परत आल्यावर धाकट्या मामांना फोन केला. त्यांचं वय आता सत्त्याऐंशी, शेताच्या बांधाबांधाचा हिशोब तोंडपाठ. ते बराच वेळ थांबले. नाव त्यांनाही आठवेना. मजुरी पैशांत देत नसू, पायलीनं तीळ मोजून द्यायचो, एवढं त्यांनी सांगितलं.